एफपीएल (फँटसी प्रीमियर लीग) २०२४-२५: लीगचा निकाल लागला. तुमचा हंगाम नेमका कुठे फिरला?

डावा_विंगर, २६ मे
काल रात्री साडेआठला इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे शेवटचे दहाही सामने एकदम सुरू झाले आणि साडेदहाच्या सुमारास आपल्या फँटसी लीगचाही निकाल लागला. मधली_फळी यांचा 'फणसपोळी एफसी' पहिला, आकडेमोड यांचा 'वडापाव वाँडरर्स' दुसरा आणि रंकाळा_एक्सप्रेसचा 'तांबडा रोव्हर्स' तिसरा. पहिल्या दोघांत शेवटपर्यंत नऊच गुणांचं अंतर होतं. मधली_फळीताई, मनापासून अभिनंदन!

आता मुद्द्याचं. लिव्हरपूलच्या सलाहने यंदा ३४४ गुण केले. या खेळाच्या इतिहासात एका हंगामात एवढे गुण कुणीच केले नव्हते. आधीचा विक्रमही त्याचाच, २०१७-१८चा, ३०३ गुणांचा. २९ गोल आणि १८ असिस्ट (गोलसाठी दिलेले पास). पण माझं ठाम मत असं, की आपली लीग सलाहने ठरवली नाही. तो सगळ्यांकडेच होता, आणि जो सगळ्यांकडे असतो तो कुणालाच पुढे नेत नाही. लीग ठरवली पाच ते सात मिलियनवाल्या स्वस्त खेळाडूंनी: म्ब्युमो, वुड, विसा, मर्फी. हे लवकर ज्यांच्या हाती लागले आणि ज्यांनी त्यांना धरून ठेवलं ते वर गेले.

तुमचं मत सांगा, अनुभव लिहा. पुढच्या वर्षी लीग अशीच ठेवायची की समोरासमोर खेळायची, तेही इथेच ठरवून टाकू.

शेवटची_शिट्टी, २६ मे
रुमाल टाकून ठेवतो. ताईंचं अभिनंदन. फणसपोळी कुरियरने पाठवता येते, हे सर्वांच्या माहितीसाठी.

रंकाळा_एक्सप्रेस, २६ मे
अभिनंदन ताई! नाद खुळा!

विंगरभाऊ, तुझं निम्मं पटलं. माझा हंगाम फिरला ७ डिसेंबरला. चुलतभावाचा साखरपुडा होता, पंगत उठत होती, आणि फोनवर आलं की वादळामुळे एव्हर्टन-लिव्हरपूल सामना रद्द. संघ बदलायची डेडलाइन साडेचारची. सगळ्यांचा कॅप्टन सलाह, आणि त्याचा सामनाच नाही! मी हात धुवायच्या नळापाशी उभा राहून एका हातानं सलाहचा कॅप्टनचा पट्टा काढला आणि चेल्सीच्या कोल पामरला बांधला. दुसऱ्या हातात जिलबी. दुसऱ्या दिवशी स्पर्सच्या मैदानावर चेल्सी अकरा मिनिटांत ०-२ मागं. घरातले म्हणाले, काय झालं, तोंड का उतरलं? मग फिरलं की सगळं. ४-३ जिंकले, पामरच्या दोन पेनल्टी, त्यातली दुसरी तर गोली आडवा पडल्यावर मधून अलगद उचललेली. पट्टा असल्यानं सगळे गुण दुप्पट. तिथनं मी जो वर सरकलो तो खाली आलोच नाही.

म्हणजे पट्टा कुणाला बांधला तेही बघाय पाहिजे. नुसतं स्वस्त पोरांवर हंगाम निघत नाही.

उकडीचा_मोदक, २६ मे
मी नवीन आहे, नुसतीच वाचत होते. हे काय प्रकरण आहे? पैसे लावून खेळतात का? घरी ऐकलं तर ओरडा बसेल.

डावा_विंगर, २६ मे
मोदकताई, एक पैसा लागत नाही. फँटसी प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगचाच मोफत खेळ, जगभरात एक कोटीहून जास्त लोक खेळतात. तुम्हाला १०० मिलियन मिळतात, खोटे. त्यात १५ जण घ्यायचे: २ गोली, ५ बचावाचे, ५ मधल्या फळीतले, ३ पुढचे. एका क्लबातले तीनच. मग खऱ्या सामन्यांत ते जे करतील त्याचे गुण तुम्हाला. दर आठवड्याला एक बदल फुकट, जास्तीचा केला की प्रत्येकी ४ गुण कापले जातात. यंदापासून न वापरलेले फुकट बदल पाचपर्यंत साठवता येत होते, आणि ताईंनी तिथेच बाजी मारली असं मला वाटतं. त्या सांगतीलच.

आकडेमोड, २६ मे
विजेत्यांचं अभिनंदन. नऊ गुण म्हणजे एक गोल, एक असिस्ट आणि एक बोनस गुण. झोप लागली नाही.

विंगर, तुमचा मुद्दा बरोबर दिशेने आहे, पण त्यात एक गोष्ट राहिली. स्वस्त आणि महाग एवढंच बघू नका, खेळाडू कुठल्या रकान्यात टाकलाय ते बघा. पुढच्या फळीतल्याला गोलचे ४ गुण, मधल्याला ५. मँचेस्टर सिटीच्या हालंडचे २२ गोल, म्हणजे गोलांचे ८८. वुडचे २० गोल, म्हणजे ८०. आणि म्ब्युमोचेही २० गोल, पण तो मधल्या फळीत धरलेला, म्हणून पूर्ण १००. पेनल्टी तोच मारायचा, आणि ब्रेंटफर्डसाठी पुढे खेळायचा. सुरुवातीची किंमत ७ मिलियन, हालंडची १५. सलाहचा फायदाही हाच, विंगर असून मधल्या फळीत.

राहिला पट्ट्याचा प्रश्न. सलाह सगळ्यांकडे होता हे खरं, पण तो दर आठवड्याला सगळ्यांचा कॅप्टन नव्हता. पहिल्या महिन्यात अर्धी लीग हालंडला पट्टा बांधून बसली होती, आणि ते चूकही नव्हतं. इप्सविचविरुद्ध हॅटट्रिक, लगेच पुढच्या सामन्यात वेस्ट हॅमविरुद्ध हॅटट्रिक, पाच सामन्यांत दहा गोल. मग सिटीच्या रॉड्रीचा गुडघा गेला आणि ऑक्टोबरअखेरीपासून सिटी गडगडली. त्या वेळी हालंडवरून सलाहवर कोण किती लवकर आलं, त्यात आपल्या लीगची पहिली फूट पडली. तुम्ही जुने निकाल उघडून बघा.

तोफखाना, २६ मे
मी लीगमध्ये मधोमध आलो. कारण एकच, आमच्या आर्सेनलचा साका.
२१ डिसेंबरला क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर मांडीचा मागचा स्नायू गेला. तोपर्यंत लीगमध्ये ५ गोल, १० असिस्ट. आम्ही तो सामना ५-१ जिंकलो आणि मी आनंदात नव्हतो. साका परत आला थेट १ एप्रिलला, फुलहॅमविरुद्ध, आणि उतरल्यावर थोड्याच वेळात गोल केला. त्याच सामन्यात गॅब्रियलचा हंगाम संपला. हा क्लब असा आहे, एका हाताने देतो.

शेवटची_शिट्टी, २६ मे
तोफखाना, आर्सेनलच्या दुसऱ्या क्रमांकाची सवय आहे ना आता तुम्हाला?

तोफखाना, २६ मे
सलग तिसऱ्यांदा. बोला, अजून काय बोलायचंय.

नॉटिंगहॅमकर, २७ मे
उशिरा आलो, रविवारी आम्ही (नॉटिंगहॅम फॉरेस्ट) चेल्सीकडून ०-१ हरलो त्याचं दुःख पचवत होतो. जिंकलो असतो तर चॅम्पियन्स लीग होती. पण सातवा क्रमांक, ६५ गुण. आदल्या वर्षी हाच क्लब खालच्या लीगमध्ये जाता जाता वाचला होता, त्यामुळे इथे कुणी रडत नाहीये.

विंगर, वुडविषयी लिहिलंत म्हणून सांगतो. १ फेब्रुवारीला मी आमच्या सिटी ग्राउंडवर होतो, ब्रायटनला ७-० हरवलं तेव्हा. वुडची हॅटट्रिक. टीव्हीवर तो नुसता उभा असल्यासारखा वाटतो. मैदानात बघितलं की कळतं, तो गोलीपाशी जातच नाही. चेंडू एलांगाकडे उजव्या बाजूला गेला की वुड दोन पावलं मागे येतो, बचावपटूच्या नजरेआड. बचावपटू चेंडूकडे बघतो, आणि मान वळवेपर्यंत वुडने डोकं लावलेलं असतं. तेहतीस वर्षांचा माणूस, धावण्यात कुणाला हरवणार नाही, पण जागा कुठे होणार हे त्याला सगळ्यांच्या आधी दिसतं. ६ मिलियनला होता. हालंड न घेता वुड घेतला की नऊ मिलियन उरतात, त्यात इसाक येतो! इसाक ८.५ला सुरू झाला आणि त्याने २३ गोल केले.

आणि सेल्सला कुणी विसरू नका. साडेचार मिलियनचा गोली, १३ क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेले सामने), आर्सेनलच्या रायाबरोबर सर्वाधिक क्लीन शीटचा गोल्डन ग्लोव्ह वाटून घेतला.

मडगावचो, २७ मे
मधली_फळीबाय, परबीं तुका!

मी बारावा आलो, त्याबद्दल काही बोलायचं नाही. अवांतर लिहितो, माफ करा. ह्या महिन्यात ३ तारखेला भुवनेश्वरला एफसी गोवाने जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप जिंकला. आमच्या वाड्यावर फटाके वाजले. इकडे ह्या लीगच्या धाग्यावर ब्रेंटफर्डच्या राखीव लेफ्ट बॅकवर पन्नास प्रतिसाद पडतात आणि त्या दिवशी इथे एकाने लिहिलं नाही. मी भांडत नाही. पण फातोर्ड्याला एकदा या, संध्याकाळी स्टँड भरलेला असतो तेव्हा या.

रंकाळा_एक्सप्रेस, २७ मे
मडगावभाऊ, शंभर टक्के. आणि तुम्ही आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर या. पाटाकडील आणि दिलबहार तालमींचा सामना असला की सकाळपासनं पेठेत दुसरा विषय नसतो. तिथं कुणाला सलाह माहीत नाही असं नाही, पण पाटाकडीलचा नऊ नंबर कोण हे आधी विचारतात. आमच्या तालमींची फँटसी लीग काढली तर मी पहिल्या दिवशी नाव देईन. एका तालमीतले तीनच घ्यायचे म्हटल्यावर मात्र पेठेत राडा होईल.

उकडीचा_मोदक, २७ मे
तालमींची लीग! मला ती खेळायला आवडेल. माझं माहेर शिवाजी पेठेतलं आहे.

रंकाळा_एक्सप्रेस, २७ मे
मग ताई, तुम्हाला फुटबॉल नवीन कसा? घरात विचारा, काकांपैकी एक तरी खेळलेले निघतील.

उकडीचा_मोदक, २७ मे
दोन निघाले. :)

मधली_फळी, २८ मे
सगळ्यांचे आभार. नाशिकला घरी पाहुणे होते, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

विंगरभाऊंनी म्हटल्याप्रमाणे मी बदल साठवले. मार्चमध्ये सगळे दर आठवड्याला कुणी ना कुणी काढत-घालत होते, मी हात लावला नाही. लिव्हरपूल लीग कप फायनलमुळे एक फेरी खेळणार नव्हते, तेव्हाही नाही. कारण एप्रिलमध्ये न्यूकासलचे एकाच फेरीत दोन सामने येणार होते, दोन्ही घरच्या मैदानावर, मँचेस्टर युनायटेड आणि पॅलेस. साठवलेल्या बदलांतून मी न्यूकासलचे तिघे आणले: पोप, इसाक आणि जेकब मर्फी. इसाक सगळ्यांकडे होता. मर्फी जवळजवळ कुणाकडे नव्हता. हंगामाच्या सुरुवातीला पाच मिलियनचा, लोक त्याला बदली खेळाडू समजत होते. त्याने हंगाम ८ गोल आणि १२ असिस्टवर संपवला.

युनायटेडला ४-१ हरवलं. पॅलेसचा सामना आपल्याकडे बरोबर रात्री बाराला सुरू झाला. घरात सगळे झोपलेले, मी आवाज बंद करून बघत होते. चौदाव्या मिनिटाला मर्फी उजवीकडून आत गेला, गोलरेषेच्या इतका जवळ की तिथून पास द्यायचा असतो. त्याने मारला. गोलीच्या आणि खांबाच्या मधून वर, जाळीत. मी उशीत तोंड घालून ओरडले. मग पॅलेसच्या एझेची पेनल्टी पोपने अडवली. पेनल्टी अडवण्याचे गोलीला ५ गुण, वर क्लीन शीट. ५-० झालं. त्या एका फेरीत मी आकडेमोड यांच्या पुढे गेले आणि तिथेच राहिले.

विंगरभाऊ, म्हणून माझं उत्तर थोडं वेगळं आहे. स्वस्त खेळाडू महत्त्वाचे हे खरं, पण ते कोण आहेत हे सगळ्यांना चार आठवड्यांत कळतं. म्ब्युमोचं नाव सप्टेंबरमध्येच झालं होतं. त्या महिन्यात ब्रेंटफर्डने सलग तीन सामन्यांत पहिल्या मिनिटात गोल केला होता, त्यातले दोन म्ब्युमोचे! कळल्यावर थांबणं, ते अवघड. म्ब्युमो दोन सामने गप्प बसला की लोकांनी विकला, आणि विकला की किमतीत जेवढी वाढ झाली तिच्यातली निम्मीच हाती येते. परत घ्यायला जास्त पैसे. मी त्याला पहिल्या महिन्यात घेतला आणि शेवटपर्यंत ठेवला.

आकडेमोड, २८ मे
ताईंचं म्हणणं मान्य, आणि त्या फेरीत मी काय गमावलं तेही मला ठाऊक आहे. माझी सगळी भिस्त त्या वेळी सिटी आणि आर्सेनलच्या पुढच्या फेरीतल्या दुहेरी सामन्यांवर होती.

पण चिप्सचा (हंगामात मोजक्या वेळाच वापरता येणाऱ्या खास डावांचा) मुद्दा कुणीच काढला नाही. फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या सलग दोन दुहेरी फेऱ्या आल्या. रद्द झालेली ती एव्हर्टन-लिव्हरपूल डर्बी १२ फेब्रुवारीला एव्हर्टनच्या गुडिसनवर झाली, आणि लगेच पुढच्या फेरीत वूल्व्ज आणि व्हिला. ट्रिपल कॅप्टन (कॅप्टनचे गुण तिप्पट) कुठे वापरायचा यावर इथे किती वाद झाला आठवा. मी पहिल्या फेरीत वापरला. बोर्नमथला सलाहचे दोन गोल, डर्बीत एक गोल आणि मॅक अॅलिस्टरच्या गोलला पास. ज्यांनी पुढच्या फेरीसाठी राखला त्यांनाही दोन गोल आणि एक असिस्ट मिळाला, म्हणजे कुणीच उपाशी राहिलं नाही. खरा फरक केला नव्या असिस्टंट मॅनेजर चिपने, तिच्यात प्रशिक्षक निवडायचा. त्याच फेरीत एव्हर्टनच्या मोईसला घेणाऱ्यांना लेस्टरविरुद्धच्या ४-०चे १२ आणि डर्बीतल्या २-२चे १०, असे २२ गुण मिळाले, कारण टेबलात खूप वरच्या संघाशी बरोबरी केली तरी जास्तीचे ५ होते.

तोफखाना, २८ मे
ती चिप मला अजिबात आवडली नाही. खेळाडू निवडायचा खेळ आहे, त्यात प्रशिक्षकाचे गुण कशाला? टार्कोव्स्कीने डर्बीत अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला मारलेल्या व्हॉलीवर मोईसवाल्यांची चांदी व्हावी, याला काही अर्थ आहे?

रंकाळा_एक्सप्रेस, २८ मे
ती व्हॉली मात्र पुन्हा पुन्हा बघतोय मी. गुडिसनवरची शेवटची डर्बी आणि शेवटचा गोल असा. चिप राहू दे भावा, गोल बघ.

आकडेमोड, २८ मे
तोफखाना, मी चिपचा बचाव करत नाही. फक्त सांगतो की आपल्या पहिल्या पाचांतल्या तिघांनी ती त्याच फेरीत वापरली.

शेवटची_शिट्टी, २८ मे
अजून कुणी बोर्नमथच्या क्लुईव्हर्टचं नाव काढलं नाही? वूल्व्जविरुद्ध एका सामन्यात तीन पेनल्टी, तिन्ही आत. प्रीमियर लीगमध्ये आधी कुणी केलं नव्हतं. माझ्या बेंचवर होता. एवढंच सांगायचं होतं.

नॉटिंगहॅमकर, २९ मे
समोरासमोरच्या लीगबद्दल: मी विरोधात. आमच्या ऑफिसात तशी आहे. दर फेरीला एकाशी गाठ पडते, जिंकलं की ३, बरोबरी १. तुम्ही त्या आठवड्यात लीगमधले दुसऱ्या क्रमांकाचे गुण केलेत आणि नेमकी पहिल्याशी गाठ पडली की शून्य. ताईंनी जो संयम दाखवला त्याला ३८ फेऱ्यांची बेरीजच न्याय देते.

मडगावचो, २९ मे
पण बेरजेच्या लीगमध्ये जानेवारीनंतर खालचे अर्धे लोक संघाकडे बघत नाहीत. समोरासमोर असलं की बाराव्यालाही शनिवारी काहीतरी काम असतं. माझं मत समोरासमोर.

मधली_फळी, २९ मे
दोन्ही ठेवा. संघ एकच, लीग दोन. संघ पुन्हा बनवावा लागत नाही.

डावा_विंगर, २९ मे
हे उत्तम. ठरलं. ऑगस्टमध्ये दोन्हीचे कोड देतो.
ताई, थांबण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते माझ्या मुद्द्यापेक्षा खोल आहे. तरी मी एवढं म्हणेन, की थांबायला हातात थांबण्यासारखं काही असावं लागतं, आणि ते ऑगस्टमध्ये निवडावं लागतं.

आकडेमोड, २२ जुलै
धागा वर काढतोय. पुढच्या हंगामाचा (२०२५-२६) खेळ उघडला! किमती आल्या. सलाह १४.५, हालंड १४. म्ब्युमो मँचेस्टर युनायटेडमध्ये गेलाय, ८ मिलियन. वुड ७.५.

नियमही बदलले. असिस्टंट मॅनेजर गेला (तोफखाना, पेढे वाटा). सगळ्या चिप्स दोनदा मिळणार, पहिला संच पहिल्या अर्ध्या हंगामातच वापरायचा. आणि सगळ्यात मोठा बदल: बचावाच्या कामाला गुण. बचावपटूने एका सामन्यात अडवणं, टॅकल, ब्लॉक, क्लिअरन्स मिळून दहा केले की २ गुण. मधल्या आणि पुढच्यांना बारा लागतात, पण त्यात परत मिळवलेले चेंडूही धरतात.

तोफखाना, २२ जुलै
पेढे वाटले. आमच्या राइसला आता न्याय मिळेल.

नॉटिंगहॅमकर, २२ जुलै
मिलेन्कोविच आणि मुरिलो! आमचे दोघे दिवसभर डोक्याने चेंडू बाहेर काढत असतात. गोल खाल्ला तरी दोन गुण येणार. विंगर, तुमचा मुद्दा यंदा बचावात खरा ठरणार बघा. साडेचार-पाचवाले मधले बचावपटू लीग ठरवतील.

मडगावचो, २२ जुलै
इकडे आयएसएल (इंडियन सुपर लीग) थांबवल्याची बातमी आली आणि आमचं डोकं ठिकाणावर नाही. क्लबांना माहीत नाही, पोरांना माहीत नाही पगार कधी. ह्या वर्षी मला बघायला तुमची लीगच उरली तर वाईट वाटेल. तरी मला दोन्ही लीगमध्ये धरा.

रंकाळा_एक्सप्रेस, २२ जुलै
धरलं भावा. आणि आयएसएल परत सुरू झाली की सगळे मिळून फातोर्ड्याला येतो. हे मी नुसतं लिहायला लिहीत नाही.

उकडीचा_मोदक, २३ जुलै
मी संघ केला! नाव 'शिवाजी पेठ सिटी'. एक काका म्हणाले सलाहशिवाय संघ नको, दुसरे म्हणाले १४.५ला तो घेतला तर बाकीचे कोण खेळणार. आता सांगा, घेऊ की नको?

आकडेमोड, २३ जुलै
घ्या. कॅप्टन म्हणून दर आठवड्याला दुसरा कुणी एवढी खात्री देत नाही.

मधली_फळी, २३ जुलै
मी घेणार नाही, निदान पहिल्या फेऱ्यांत. मार्चनंतर तो थंडावला होता, आणि त्याच्यामागे खेळणारा ट्रेंट आता माद्रिदला गेलाय. त्याच पैशांत यंदाचा एखादा इसाक आणि एखादा मर्फी सापडतो. मोदकताई, काकांना वाद घालू दे, तुम्ही सामने बघून ठरवा.

डावा_विंगर, २३ जुलै
दोन्ही लीगचे कोड सगळ्यांना व्यनि (खासगी निरोप) केलेत. पहिला सामना शुक्रवारी १५ ऑगस्टला, लिव्हरपूल-बोर्नमथ, आपल्याकडे रात्री साडेबाराला. डेडलाइन त्याच रात्री अकराची. झेंडावंदनाची सुट्टी आहे, तेव्हा वेळ नव्हता असं कुणी सांगू नये.

रंकाळा_एक्सप्रेस, २३ जुलै
कोड चालला. मोदकताई, पहिल्या फेरीत तुमची न् माझी गाठ पडली तर पेठेत आधीच सांगून ठेवा.